समुद्र नसलेले देश

मला समुद्र नसलेल्या देशांचा अभ्यास करायचा होता. हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो तो आधी हसला. लातूरच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी तलाठी भरतीची तयारी करणारी एक मुलगी बसायची. ती म्हणाली, "मग लातूरच घे की. समुद्राचं सोड, हितं नळालाबी पानी न्हाई." एवढा विनोद करून ती मोकळी झाली आणि त्याच आठवड्यात गादी-बादली बांधून गावाकडे निघून गेली.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि ते बघायला दिल्लीहून कॅमेरेवाले येत होते. क्लासवाल्यांनी सुट्ट्या लवकर दिल्या, मेस बंद पडल्या, आमच्या होस्टेलमधल्या मुली एकेक करून गेल्या. मी राहिले. एका क्लासचे सराव-पेपर तपासून द्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि गावी गेले तर अभ्यास होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळ्या इमारतीत वर मी आणि खाली घरमालकीण. ती माझ्याशी टँकर आला की बोलायची, तेही "घागरी आण" एवढंच.

एकटेपणाचं मला काडीचं कौतुक नाही. ज्यांना त्यावर कविता सुचतात त्यांनी एकदा बंद मेसच्या गावात एकट्याने उन्हाळा काढून बघावा. मला बोलायला माणूस हवा होता, आणि माझ्या विषयावर बोलणारा हवा होता. असा माणूस ना नांदेडला एम.ए. करताना भेटला, ना लातूरला.

विषय डोक्यात शिरला तो नेपाळमुळे. आदल्या साली नेपाळने नवी राज्यघटना केली आणि त्यानंतर सीमेवर ट्रकच्या रांगा उभ्या राहिल्या. गॅस, पेट्रोल, औषधं, सगळं अडकलं. नेपाळी म्हणत होते, भारताने आमची नाकाबंदी केली. आपलं सरकार म्हणत होतं, आम्ही कुठं काय अडवलंय? काठमांडूत लोक लाकडं जाळून भात शिजवत होते. अभ्यासिकेतला इंग्रजी पेपर माझ्याशिवाय कुणी उघडत नसे. मी तो रोज वाचायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. मग नेपाळवरून इतर देशांकडे गेले. बोलिव्हियाचा समुद्र युद्धात गेला त्याला शंभराच्या वर वर्षं झाली, तरी त्यांनी अजून आरमार ठेवलंय, एका तळ्यात. हे मी फोनवर मायला सांगितलं तर ती म्हणाली, "तळ्यात पानी तरी हाय म्हनायचं त्यांच्या."

आणि अशातच दिल्लीच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाची फेलोशिप. राहायला होस्टेल, वाचायला ग्रंथालय, आणि देशभरातले असेच वीस-पंचवीस वेडे एका जागी. खरं सांगते, मला बाकी कशाचा मोह नव्हता. मला ते वेडे हवे होते. मी अर्ज केला, आणि मराठवाड्यातल्या उमेदवारांच्या मुलाखती नांदेडला आहेत असा मेल आला.

मुलाखतीला तिघे होते. एक परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, एक दिल्लीच्या मॅडम आणि एक पुण्याचे प्राध्यापक. नेपाळवर मी रात्र-रात्र जागून तयारी केली होती. पहिला प्रश्न आला, "लातूरला पाणी किती दिवसांनी येतं?"

"आठ-दहा दिवसांनी."

"मग आंघोळीचं काय करता?"

"करते," मी म्हणाले.

पुढची दहा-पंधरा मिनिटं पाण्यावरच गेली. शेवटी प्राध्यापक समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, काखेत कळसा अन् गावाला वळसा असं झालंय तुमचं. तुमच्या दारात दुष्काळ आहे. पाणी आणि संघर्ष असा विषय घ्या, जगभर त्यावर काम चाललंय. लातूरची मुलगी दुष्काळावर लिहिणार म्हटलं की लगेच पटतं. पण लातूरची मुलगी आणि नेपाळ? तुमचा संबंध काय?"

दिल्लीतल्या एखाद्या मुलाने ब्राझीलवर लिहायचं ठरवलं तर त्याला कुणी संबंध विचारत नाही. आम्हाला मात्र आमच्याच दुःखावर बोलायची परवानगी असते, तेही त्यांना हव्या त्या दुःखावर. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ते बोलले नाही, कारण संबंध होता. तो त्या खोलीत सांगावासा वाटला नाही एवढंच.

माझी अडचण मॅडमच्या लक्षात आली असावी. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस घ्या. विषय बदलत असाल तर तसं कळवा. हाच ठेवायचा असेल तर तुमचा त्याच्याशी काय संबंध, ते एका पानात लिहून पाठवा. खरं लिहा."

म्हणजे एका पानावर सगळं अडलं होतं. मी लातूरला न जाता तशीच गावी आले.

आमचं गाव उदगीर तालुक्यातलं. तिथे आमचं पावणेदोन एकर रान आहे, आणि त्याच्या चहूबाजूंनी गावचे पुढारी आप्पासाहेब यांची जमीन. गावातून आमच्या रानात जायला वाट नाही. जी आहे ती आप्पासाहेबांच्या शेतातून जाते. दरसाल मृगाच्या आधी माझे वडील त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहतात. पायतण दाराबाहेर. "आप्पासाहेब, औंदाबी वाट द्यावी." आणि आप्पासाहेब पेपरातून मान वर न करता म्हणतात, "जा की ग्यानोबा, कोन अडवलंय?" पेरणीच्या आधी एकदा आणि पीक निघून रास करायच्या आधी एकदा. आप्पासाहेब कधी नाही म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला लगेच खलनायक हवा असतो. मला राग नकाराचा नव्हता. नकार आलाच नाही. राग विचारण्याचा होता. लहानपणी मी बाबांचं बोट धरून त्या अंगणात उभी राहायचे आणि घरी येईपर्यंत बाबांशी बोलायचे नाही.

त्यामुळे "आम्ही कुठं काय अडवलंय" हे वाक्य पेपरात वाचलं तेव्हा मला नेपाळ समजावून सांगायला कुणी लागलं नाही.

हे मी बाबांना सांगितलं. म्हटलं, एका पानात हे लिहिलं की झालं. ते बैलाला वैरण टाकत होते. चारा छावणीतून दोनच दिवसांपूर्वी बैल घरी आणला होता, हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता. वैरणीची पेंढी हातात तशीच ठेवून ते म्हणाले, "हे कुठं लिव्हू नकू."

"मुलाखतीतली तीन माणसं वाचणार, बाबा. चौथं कोणी नाही."

"आज तीन. उद्या छापून येईल. आपल्याला वाट लागतीय, शीला. तू दुष्काळाचं लिव्ह. दुष्काळाला कोन राग धरत न्हाई."

मी दुष्काळावर पान लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या. त्या इतक्या छान उतरल्या की माझाच मला संताप आला. कुणीही लिहिल्या असत्या तशा त्या होत्या. मी ते पान पाठवलं असतं तर फेलोशिप मिळाली असती, आणि एक वर्ष मी दिल्लीत बसून माझ्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी मुलगी झाले असते.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं होतं. माझा चुलतभाऊ नरसिंग उदगीरला फ्लेक्सचं दुकान चालवतो. त्याला मायकडून मुलाखतीचं कळलं होतं. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्दही कळला होता. तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला: 'गावची कन्या कु. धम्मशीला ग्यानोबा सोनकांबळे हिची आंतरराष्ट्रीय पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' माझा फोटो दहावीच्या ओळखपत्रावरचा. त्याच्या चौपट आप्पासाहेबांचा, गॉगल लावलेला. आणि खाली मोठ्या अक्षरांत 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे', कारण जिल्हा मागणाऱ्यांचे आमच्या भागातले पुढारी आप्पासाहेबच होते.

मी नरसिंगला झापलं. "अरे, निवड कुठं झालीय? नुसती मुलाखत झालीय!"

"होतीय की," तो शांतपणे म्हणाला. "फ्लेक्स आधी लागतो, निकाल मागनं येतो. इलेक्शनलाबी तसंच असतंय."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसा प्रकार. पण एवढ्यावर थांबलं असतं तर ते आमचं गाव कसलं? रविवारी सत्कार ठरला. आमच्याकडे पोरगं बारावी पास झालं तरी शाल-नारळ देतात, इथे तर साक्षात आंतरराष्ट्रीय. आप्पासाहेब स्वतः आमच्या घरी आले, उन्हातच उभं राहून म्हणाले, "पोरी, एक विचारतो. जगात उदगीर तालुक्यापेक्षा लहान देश हायेत का?"

"आहेत."

"मग! देश होऊ शकतो आन् जिल्हा होत न्हाई. हे लिव्ह तुझ्या त्याच्यात."

म्हणजे दिल्लीला माझ्याकडून दुष्काळ हवा होता, गावाला जिल्हा हवा होता, वडिलांना मी गप्प राहायला हवं होतं. नेपाळ कुणालाच नको होता. अख्ख्या गावात माझ्या नावाचा गाजावाजा चालला होता, आणि मला लातूरच्या रिकाम्या होस्टेलात वाटलं नव्हतं इतकं एकटं तेव्हा वाटलं.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. मंडप भरला होता. पाण्याचा टँकर त्याच वेळी येणार असल्याने बायका घागरी घेऊनच बसल्या होत्या. बाबा सर्वांत मागे, खांबाला टेकून उभे. मला शाल घातली, हातात नारळ दिला, आणि आप्पासाहेबांनी माईक घेतला. माझ्याबद्दल दोन वाक्यं बोलून ते जिल्ह्यावर आले, आणि मग मात्र रंगात आले.

"दाखला पायजे, चला लातूर. कलेक्टरची सही पायजे, चला लातूर. त्या सायबाच्या दारात दिवसभर उभं राहायचं, आन् त्यानं 'या' म्हनल्यावर आत जायचं. म्हनत्यात, तुमचं काम कुनी अडवलंय? अडवलं न्हाई हो! पर इचारायला लागतंय ना? हक्काचं घ्यायला दुसऱ्याच्या दारात का म्हनून उभं राहायचं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे पाहिलं. बाबाही टाळ्या वाजवत होते. अगदी मनापासून, हात वर करून. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही, की दिसूनही त्यांनी वाजवल्या, मला अजून कळलेलं नाही.

टाळ्या थांबल्यावर आप्पासाहेब माझ्याकडे वळले. सत्काराला काहीतरी जाहीर करायची त्यांची रीत होती. शाळेला पंखे, देवळाला फरशी. "ही पोरगी आपलं नाव जगात काढनार. माग पोरी, काय पायजे? लॅपटॉप देऊ?"

त्यांनी माईक माझ्यापुढे धरला.

"लॅपटॉप नको," मी म्हणाले. "आमच्या रानाला जायची वाट द्या, आप्पासाहेब. दरसाल विचारायला लागू नये अशी."

आप्पासाहेब हसले. "आगं, वाट कधी अडवली मी?"

"अडवली नाही. विचारावी लागते."

त्यांनी लोकांकडे पाहिलं. पन्नास तरी मोबाइल वर झाले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, ते मी नीट पाहिलं आणि मला भीती वाटली. पण त्यांना टाळ्यांची आवड होती, आणि खरं सांगायचं तर माणूस मनाने वाईट नव्हता. हात उंचावून ते म्हणाले, "दिली! आजपासून कायमची दिली. ग्यानोबा, आता इचारायला यायचं न्हाई बरं का!"

आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. या वेळी बाबांनी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी उदगीरला जाऊन ते पान पाठवलं. त्यात वाट होती, अंगण होतं, पायतण होतं आणि नेपाळ होता. वाट मिळाली होती, मग लपवायचं काय राहिलं, असा माझा हिशेब. मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. महिनाअखेरीस निवडीचा मेल आला. नरसिंगने नवा फ्लेक्स लावला नाही. म्हणाला, जुनाच चालतोय की.

बाबा मात्र त्या रविवारपासून माझ्याशी कामापुरतं बोलत होते. नांदेडहून दिल्लीची गाडी होती. मला सोडायला ते नांदेडपर्यंत एसटीने आले. अर्ध्या वाटेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती नांगरून पडलेली काळी रानं. मग आपण होऊन म्हणाले, "तुला राग येतो इचारायचा. मला ठाव हाय. ल्हान होतीस तवापसनं ठाव हाय."

मी मांडीवरची बॅग जवळ ओढली.

"पर इचारून गेलं की आपन त्येंच्या सावलीत असतो. बैलानं जाता-जाता तोंड घातलं, बांधाचा दगूड ढळला, तर हसून सोडतेत. ग्यानोबाच हाय, जाऊ दे. आता हक्कानं जायचं म्हनल्यावर एक धाट मोडलं तरी ते दिसनार."

"दिसू दे. कायदा आहे, बाबा. तहसीलदाराकडे अर्ज करता येतो."

"कायदा उदगीरला हाय. मी गावात हाय." त्यांनी परत खिडकीबाहेर पाहिलं. "आन् तू तर दिल्लीला चाललीस."

मी चिडून म्हणाले, "या वर्षी विचारायला जायचं नाही. अख्ख्या गावासमोर दिलीय त्यांनी. मला कबूल करा."

"बरं," बाबा म्हणाले.

स्टेशनवर त्यांनी माझी बॅग बाकाखाली सरकवली, पाण्याची बाटली भरून आणली, आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले. जय भीम म्हणाले. मीही म्हणाले. हात केला नाही, आमच्यात कुणी करत नाही.

दिल्लीत ते वेडे भेटले. कुणी आर्क्टिकच्या बर्फावर काम करत होता, कुणी आफ्रिकेतल्या बंदरांवर. पहिल्याच दिवशी गोलात बसून प्रत्येकाने आपापला विषय सांगितला. माझी पाळी आली तेव्हा मुलाखतीतल्या त्याच मॅडम म्हणाल्या, "हिची गोष्ट ऐकाच. त्या शेताच्या वाटेची सांग." मी सांगितली. सगळ्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून मी वाटवाली मुलगी झाले. चहाला, जेवणाला, जो तो वाटेबद्दल विचारायचा, वडिलांबद्दल विचारायचा, आप्पासाहेबांची जात विचारायचा. नेपाळबद्दल एकानेही विचारलं नाही. मला रडू यायचं, आणि कुणापुढे रडायचं हे कळायचं नाही. मग मी ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. ते मात्र मोठं होतं, आणि थंड.

जूनच्या शेवटी गावाकडे पाऊस बरा झाल्याचं मायने सांगितलं. मी बाबांना फोन द्यायला लावला.

"पेरणी झाली का?"

"झाली. सोयाबीन टाकलं. कडंला तूर."

"आपल्या वाटेनं गेलात?"

"हाव."

"बैल चालला का नीट?"

"चालला. चुलत्याचा दुसरा जोडीला होता."

आता विचारू नये असं वाटत होतं, तरी मी विचारलं. "आप्पासाहेबांकडं गेला नव्हता ना?"

मला वाटलं फोन कट झाला. मी दोनदा हॅलो म्हणाले.

"दिल्लीत पानी हाय का गं?" बाबांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "चोवीस तास असतं."

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि फोन मायकडे दिला.